फीची नोटीस मुलाच्या दप्तरात नको
शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



नोकरी गेलेल्या आईबापांना आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो. नातेवाईक देतात, रविवारच्या पुरवण्या देतात, मनोधैर्य वाढवणारे व्याख्यातेही देतात. वाईटातून चांगले बघा, आता मुलांसाठी वेळ मिळाला आहे, तो सत्कारणी लावा, असा तो सल्ला. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आणि सल्ला सगळाच खोटा आहे असेही नाही. वर्ष-दीड वर्ष कामाविना घरी असलेल्या माणसाच्या दिवसातही मुलांमुळे काही चांगले घडते. सकाळी डबा भरून देता येतो, शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहता येते, दुपारी पाढे म्हणून घेता येतात, एरवी रात्री दहाला घरी पोचणाऱ्या बापाला मुलीच्या मैत्रिणींची नावे कळतात. माझा आक्षेप आहे तो सल्ल्यातल्या गृहीतावर. हा उजेड पालकाच्या स्वभावातून येतो, मन खंबीर असले की तो दिसतो आणि दिसला नाही तर माणूसच कमी पडला, असे त्यात धरलेले असते. गेल्या नव्वदहून अधिक वर्षांतला या विषयावरचा अभ्यास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. लांबलेल्या बेकारीत घरातली माया आणि हसणेखेळणे टिकते की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. ठरल्या दिवशी हातात येणारी रक्कम, मग ती लहान का असेना, ही एक. मुलासमोर शाबूत राहिलेला मान ही दुसरी. पहिली आपल्या खात्याच्या हातात थोडीफार आहे, दुसरी मात्र पुष्कळच आहे. म्हणून हे पत्र श्रममंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

पुरावा द्यायचा तर सुरुवात ऑस्ट्रियातल्या एका गावापासून करावी लागते. व्हिएन्नाजवळचे मारिएनटाल हे गाव एका कापडगिरणीवर जगत होते. जागतिक मंदीत, 1929-30 मध्ये, ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक सहकाऱ्यांसह तिथे गेले आणि गावातल्या 478 कुटुंबांची त्यांनी बारकाईने पाहणी केली. लोक काय खातात, रस्त्याने किती सावकाश चालतात, वाचनालयातून किती पुस्तके नेतात, मुले निबंधात काय लिहितात, सगळे त्यांनी टिपले. 1933 मध्ये निघालेले त्यांचे पुस्तक बेकारीच्या अभ्यासाचा पाया मानले जाते. कुटुंबांची त्यांनी चार गटांत वाटणी केली: न मोडलेली, परिस्थितीशी जुळवून घेतलेली, निराश झालेली आणि पार खचून सगळेच सोडून दिलेली. मग प्रत्येक गटाचे माणशी मासिक उत्पन्न काढले. न मोडलेल्यांचे 34 शिलिंग निघाले, जुळवून घेतलेल्यांचे 30, निराश झालेल्यांचे 25 आणि खचलेल्यांचे 19. घर सावरून धरणारे आणि घराकडे पाठ फिरवणारे यांच्यात महिन्याला माणशी पंधरा शिलिंगांचे अंतर होते.

यावर कोणी म्हणेल की खंबीर माणसे पैसा नीट सांभाळतात, म्हणून त्यांच्याकडे तो जास्त दिसला असेल. पण तिथे घरात येणारी रक्कम स्वभावावर ठरत नव्हती. पूर्वीचा पगार किती, नोकरी किती काळ झाली, भत्ता सुरू होऊन किती आठवडे लोटले, यावर ती ठरत होती, आणि आठवडे उलटतील तशी घटत होती. त्यामुळे आज जुळवून घेतलेले घर उद्या निराशेकडे आणि परवा पूर्ण खचण्याकडे सरकेल, असा धोका संशोधकांना दिसत होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या पुस्तकातला सर्वांत मोलाचा गट दुसरा आहे, आणि सर्वांत मोठाही तोच होता. या घरांपुढे कसलीही योजना नव्हती, भविष्याची आशा नव्हती, गरजा कमालीच्या कमी केलेल्या होत्या. तरी घर झाडलेले होते, मुलांचे कपडे धुतलेले होते, मुलांकडे लक्ष होते आणि एक प्रकारचे समाधानही होते. खर्चाला कात्री लावताना मुलांवरचा खर्च सगळ्यात शेवटी गाठला जात होता. बेकार पालकाच्या आयुष्यातला उजेड म्हणतात तो हाच, आणि तो महिना माणशी 30 शिलिंगांवर उभा होता. शाळेत मुलांनी आणलेल्या खाऊची पाहणी भत्त्याच्या आदल्या दिवशी केली तेव्हा तो अपुरा आढळला, आणि भत्ता मिळाल्यावर केली तेव्हा चित्र एकदम सुधारलेले होते. एका रात्रीत कोणाच्या आईचा स्वभाव बदललेला नव्हता.

त्याच शाळेतल्या मुलांना नाताळला काय हवे ते लिहायला सांगितले होते. आजूबाजूच्या गावांतल्या मुलांच्या मागण्या पुऱ्या करायला जेवढा खर्च आला असता, त्याच्या साधारण एक-तृतीयांशात मारिएनटालच्या मुलांच्या मागण्या भागल्या असत्या. मुले समजूतदार झाली, असे म्हणून आपण याचे कौतुक करू शकतो. मला मात्र त्यात मुलांनी घराचा हिशेब ऐकलेला दिसतो. घरातली तंगी मुलांपासून लपत नाही. ती त्यांना कोणाच्या तोंडून आणि कोणत्या शब्दांत कळते, एवढेच मोठ्यांच्या हाती असते.

आता वेळेबद्दल. बेकाराकडे वेळच वेळ असतो हे वरवर खरे वाटते. मारिएनटालमध्ये वाचनालयाची वर्गणी माफ केली, लोकांना दिवसभर काम नव्हते, तरीही पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. अमेरिकेत 2008 च्या मंदीनंतर अर्थतज्ज्ञांनी लोकांच्या दैनंदिन वेळेच्या नोंदी तपासल्या. कामाचे जे तास बुडाले त्यांतले साधारण अर्धे झोप, टीव्ही आणि तत्सम विरंगुळ्यात गेले होते, घरकामात बरेच गेले होते, आणि मुलांच्या संगोपनात गेले होते सुमारे 5 टक्के. रिकामा वेळ आपोआप मुलांकडे वळत नाही, हे यातून पुरेसे स्पष्ट होते. याचे कारण मारी याहोडा यांनी पुढे 1982 च्या एका पुस्तकात नीट मांडले. नोकरी पगाराखेरीजही काही देत असते: दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चारचौघांसोबत एखाद्या कामात वाटा, समाजात ओळख आणि हातपाय हलते ठेवणारी सक्ती. हे सगळे एकदम गेले की माणसाजवळ उरतात ते तास असतात, पण त्यांना आकार नसतो. आकार नसलेल्या तासांत माणूस मुलाला जवळ घेण्याऐवजी त्याच्यावर खेकसण्याचीच शक्यता जास्त.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर पाहणीनुसार 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करण्यात रोज वेळ देतात. पुरुषांत हे प्रमाण 21.4 टक्के आहे. जे वेळ देतात त्यांच्यातही स्त्रियांचा वेळ दिवसाला सुमारे 140 मिनिटे आणि पुरुषांचा 74. म्हणजे नोकरी गेलेल्या बापाला मुलाचे करणे हे नवे काम असते, शिकून घ्यावे लागणारे, आणि चाळीत, सोसायटीत, गावात सगळ्यांच्या नजरेसमोर करावे लागणारे. नोकरी गेलेल्या आईच्या बाबतीत तर तिची नोकरी गेली याची नोंदही कोणी घेत नाही. ‘बरे झाले, आता मुलांकडे बघशील’ असे म्हणून तिची बेकारीच पुसून टाकली जाते. घरातला पगार बंद झाल्याचे दुःख तिलाही असते, पण ते बोलायची सोय नसते.

मानाच्या मुद्द्याकडे मला नॉर्वेतल्या एका अभ्यासाने खेचले. कारखाने बंद पडून ज्यांची नोकरी गेली अशा पालकांच्या मुलांचे दहावीचे गुण तिथे तपासले गेले. नॉर्वेत बेकारीचा भत्ता भक्कम आहे, त्यामुळे घर एकदम रस्त्यावर येत नाही. तरी वडिलांची नोकरी गेलेल्या मुलांचे गुण घसरले. आईची नोकरी गेलेल्या मुलांचे घसरले नाहीत. पगार दोन्हींकडे गेला होता आणि वेळ दोन्हींकडे मिळाला होता. अभ्यासकांचा रोख वडिलांच्या मनावर आलेल्या ताणाकडे आहे, आणि मला तो पटतो. पुरुषाची सगळी किंमत कमाईत मोजणाऱ्या समाजात कमाई गेली की बाप स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वागू लागतो, आणि ते मुलाच्या अभ्यासात उतरते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकरी कुटुंबांवर रँड काँगर आणि ग्लेन एल्डर या संशोधकांनी वर्षानुवर्षे काम केले. तेही याच साखळीकडे बोट दाखवतात: पैशाची चणचण, त्यातून आईबापांची उदासी, त्यातून नवराबायकोतली भांडणे, त्यातून मुलांशी कठोर वागणे. मुलापर्यंत पैशाची टंचाई क्वचितच थेट पोचते. ती आईबापाच्या चेहऱ्यावरून पोचते.

हीच साखळी उलटी फिरलेलीही दिसली आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात मुलांच्या मानसिक आरोग्याचा एक दीर्घ अभ्यास चालू असताना, 1996 च्या सुमारास, चेरोकी आदिवासींच्या जमिनीवर कसिनो उघडला आणि त्याच्या नफ्यातला वाटा प्रत्येक चेरोकी कुटुंबाला मिळू लागला. (जुगाराच्या पैशातून मुलांचे भले झाले, ही गोष्ट नीतिकथा लिहिणाऱ्यांना अडचणीची आहे, पण घडले ते असे.) गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांचे वागण्याचे प्रश्न कमी झाले आणि कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आले. कारण शोधले तेव्हा आढळले की आईबापांना मुलांवर लक्ष ठेवणे आता जमू लागले होते. कोणी त्यांना पालकत्वाचे धडे दिलेले नव्हते.

आपल्या घरचा पुरावा हवा असेल तर गिरणगाव फार दूर नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. घरे इतके दिवस तगली ती गावाकडच्या धान्यावर, बायकांच्या कष्टांवर आणि उधारीवर. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळातल्या खाणावळवाल्या बायकांची मिळकत तर गिरणी कामगारांच्याच जेवणावर होती, त्यामुळे आधार देणारा हातही त्याच वेळी पोळला. शाळा सोडून मिळेल त्या कामाला लागलेली त्या घरांतली पोरे पुढे कुठे गेली, याची कोणी व्यवस्थित मोजदाद केली नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातले घर रंगभूमीवर आले म्हणून आपल्याला आठवते, एवढेच. गिरणगावातल्या बापांमध्ये माया कमी होती असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या पायाखाली माणशी 30 शिलिंगांसारखे काही नव्हते.

तेव्हापासून आपण किती पुढे आलो? कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत 2020 पासून सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते, पण ती जास्तीत जास्त 90 दिवस आणि आयुष्यात एकदाच, तीही महिना 21,000 रुपयांच्या वेतनमर्यादेत असणाऱ्यांनाच. त्याहून थोडे जास्त कमावणाऱ्याला तेवढेही नाही. विसंगती अशी, की काम मागणाऱ्याला काम नाही तर भत्ता द्यावा, हा विचार या देशात कायद्यात आणला तो महाराष्ट्राने. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा कायदा आपण 1977 मध्ये केला. शहरातल्या नोकरदाराच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही. जेट एअरवेजचे शेवटचे विमान 17 एप्रिल 2019 रोजी उडाले. एप्रिल म्हणजे अनेक घरांत नव्या वर्षाची फी भरण्याचे दिवस, आणि त्या घरांचे पगार आधीपासूनच थकलेले होते. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12,000 जागा कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्यातल्या किती घरांत वह्या-पुस्तकांच्या नव्या याद्या समोर ठेवून हिशेब झाले असतील, याची कल्पना करायला आकडेवारी लागत नाही.

श्रमखात्याने काय करावे हा वेगळा विषय आहे आणि तो मोठा आहे. आपल्या खात्याकडे जे आहे ते छोटे आहे, स्वस्त आहे, आणि लगेच करता येण्यासारखे आहे. बेकार पालकाचा मान रोज कुठे पणाला लागतो ते पाहिले तर शाळेचे फाटक त्यात अगदी वर येते. थकलेल्या फीची चिठ्ठी मुलाच्या दप्तरातून घरी येते. वर्गात नावे वाचली जातात. काही ठिकाणी निकालपत्रक अडवले जाते, काही ठिकाणी परीक्षेला बसू देण्यावरून ताटकळत ठेवले जाते. मुलाच्या हाती बापाच्या नादारीचा पुरावा देऊन त्यालाच तो घरी पोचवायला सांगणे, हे शिक्षणसंस्थेला शोभत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 मुलाच्या मानसिक छळाला मनाई करते आणि कलम 16 प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. तरी हे चालते, कारण फीची चिठ्ठी हा छळ आहे असे कोणी स्पष्ट लिहून ठेवलेले नाही. आणि नववीपासून तर तो कायदाही सोबत नसतो. तेव्हा पहिली मागणी इतकी साधी आहे की तिला पैसाही लागणार नाही: फीसंबंधीचा प्रत्येक शब्द शाळेने पालकाशीच बोलावा, बंद पाकिटात किंवा फोनवर, आणि मुलाशी, मुलापुढे वा मुलाच्या हस्ते कधीही नाही, असे परिपत्रक दहावीपर्यंतच्या सर्व मंडळांच्या सर्व शाळांना लागू करावे.

दुसरी मागणी दाखल्यांची. आपल्या व्यवस्थेत गरिबी मागच्या वर्षाच्या कागदावर सिद्ध करावी लागते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सरलेल्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न सांगतो, त्यामुळे मे महिन्यात नोकरी गेलेला माणूस पुढचा मार्च उलटेपर्यंत कागदोपत्री सुखवस्तू असतो. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांचा प्रवेश पहिल्याच पायरीवर होतो. चौथीतल्या मुलाच्या बापाची नोकरी गेली तर त्याला त्याचा काही उपयोग नाही. माझे म्हणणे असे, की नोकरी गेल्याचे पत्र, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात थांबलेला भरणा, किंवा विमा महामंडळाची नोंद यांपैकी एक कागद पुरेसा धरावा, आणि त्या तारखेपासून एक शैक्षणिक वर्ष फी हप्त्यांनी किंवा उशिरा भरण्याचा हक्क पालकाला मिळावा. माफी मी मागत नाही, मुदत मागतो आहे. कोणाला स्वस्त शाळेत जायचेच असेल तर थकबाकीपोटी शाळा सोडल्याचा दाखला अडवला जाऊ नये. प्राथमिक स्तरावर, सरकारी आणि अनुदानित शाळांत जाताना, दाखला नाही म्हणून प्रवेश लांबवता येत नाही असे त्याच कायद्याचे कलम 5 सांगते. तोच न्याय नववी-दहावीलाही द्यावा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, जरी ती मागणी म्हणून किरकोळ दिसेल. याहोडा यांनी सांगितलेल्या, नोकरीबरोबर गेलेल्या त्या पाच गोष्टींपैकी तीन तरी शाळा परत देऊ शकते: ठरलेली वेळ, माणसांची संगत आणि चारचौघांत उपयोगी पडल्याची भावना. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. खासगी शाळांत 2011 च्या शुल्क नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती आहे. या समित्या बहुतेक ठिकाणी सह्यांपुरत्या उरल्या आहेत, कारण नोकरदार पालकाला दुपारी दोनच्या बैठकीला येता येत नाही. ज्याला येता येते तो लाजेने येत नाही. आठवड्यातून दोन दिवस वाचनाचा तास, ग्रंथालयाची मांडणी, बागेतले काम, दहावीच्या मुलांना आपापल्या व्यवसायाची माहिती, असे ठरीव काम पालकांना नावानिशी द्या. लेथवर वीस वर्षे काढलेला फिटर किंवा विमानाच्या देखभालीतला तंत्रज्ञ सहावीच्या वर्गात उभा राहिला, तर त्याच वर्गात बसलेल्या त्याच्या मुलाला बापाची वेगळी ओळख मिळते. अट एकच: यातून शिक्षकांच्या रिकाम्या जागा फुकटात भरण्याची पळवाट निघता कामा नये. शिकवण्याचे काम शिक्षकानेच करायचे आणि त्यालाच त्याचा पगार मिळायचा. हे लिहावे लागते, कारण आपल्याकडे स्वयंसेवेच्या नावाखाली काय काय चालते ते आपल्यालाही ठाऊक आहे.

आक्षेप येतील. विनाअनुदानित शाळा फीवर चालतात, शिक्षकांचे पगार कुठून द्यायचे, हा त्यातला सर्वांत वजनदार. त्याला उत्तर द्यायचे तर 2021 चा अनुभव पाहावा. कोरोनाच्या काळात, 12 ऑगस्ट 2021 च्या शासन निर्णयाने राज्याने फीत सरसकट 15 टक्के कपात केली. काही संस्था त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. ती कपात नोकरी असलेल्या आणि नसलेल्या दोघांनाही सारखीच मिळाली. मी सुचवतो आहे ती सवलत एखाद्या वर्गात दोघा-तिघांपुरती असेल, आणि तीही मुदतीची. शाळेच्या रोख रकमेवर त्याचा ताण येईल हे खरे, पण अपमान करून वसूल होणारी रक्कम मुळात फार नसते. ज्याच्याजवळ नाही तो चिठ्ठी पाहूनही भरू शकत नाही. गैरफायदा घेतला जाईल, हा दुसरा आक्षेप. घेतील थोडे. भविष्यनिर्वाह निधीचा भरणा थांबलेला दाखवण्यासाठी कोणी नोकरी सोडेल, हे मात्र संभवत नाही. कागद नसलेल्या असंघटित कामगाराचे काय, हा प्रश्न याहून खरा आहे, आणि त्याच्यासाठी मुख्याध्यापक व समितीच्या शिफारशीची वाट ठेवावी लागेल. तिथे चुका होतील. त्या स्वीकाराव्यात.

मग ‘ऐपत नाही तर पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला’ म्हणणारे आहेत. त्या शाळा चांगल्या असाव्यात आणि मध्यमवर्गाने तिथे जावे, हे मला मनापासून मान्य आहे. पण घरात सगळे हलले असताना त्याच वर्षी मुलाचे मित्र, वर्ग आणि शिक्षक काढून घेणे हा निर्णय पालकाने शांतपणे घ्यावा. थकबाकीच्या धाकाने तो घ्यायला लागू नये.

सर्वांत चलाख आक्षेप वेगळाच आहे. कष्ट पाहिलेली मुले घडतात, त्यांना झळ लागू द्या, असे तो म्हणतो, आणि ग्लेन एल्डर यांच्या 1974 च्या पुस्तकाचा आधार घेतो. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये 1920-21 च्या सुमारास जन्मलेली 167 मुले मंदीच्या वर्षांत कुमारवयात होती. घराची मिळकत घटलेल्या मुलांनी घरकाम उचलले, बाहेर काम केले, आणि त्यांतली बरीच पुढे जबाबदार निघाली. इथपर्यंत खरे. पण एल्डर यांनी नंतर बर्कलीतल्या 1928-29 मध्ये जन्मलेल्या मुलांशी तुलना केली तेव्हा हे चित्र टिकले नाही. मंदी आली तेव्हा ती अगदी लहान होती, आणि त्यांच्यातल्या मुलग्यांवर तिचा घाव खोल गेला. शिवाय जिथे आईबापांचे आपसातले नाते घट्ट होते तिथे मुले सावरली, जिथे बाप चिडचिडा होत गेला तिथे नाही. ओकलंडच्या मुलांना घडवले ते घरात आपली गरज आहे या जाणिवेने. वर्गात बापाचे नाव थकबाकीदारांत वाचले जाण्यातून ती जाणीव येत नाही.

एवढे करून बेकारी सुसह्य होईल असा माझा दावा नाही. वर्षभर काम न मिळालेल्या माणसाला मुख्यतः काम हवे असते, आणि मुलांच्या सहवासाला त्याची भरपाई म्हणणे हे त्या माणसावर आणि मुलांवरही अन्यायाचे आहे. मूल हे आईबापाच्या औषधासाठी नसते. माझा मुद्दा इतकाच की ज्या घरांत या काळातही मुलांमुळे चार तास बरे जातात, त्या तासांना टेकू कशाचा असतो ते आता आपल्याला कळले आहे, आणि त्यातला एक टेकू काढून घेण्याचे काम आपल्या खात्याच्या अखत्यारीतल्या शाळा करीत आहेत. व्याख्यात्यांनी आईबापांना मन खंबीर करायला सांगावे. सरकारचे काम त्यापेक्षा सोपे आहे.

नव्या शैक्षणिक वर्षाच्या फीची मुदत लागण्याआधी हे परिपत्रक काढावे, ते प्रत्येक शाळेच्या दर्शनी फलकावर मराठीत लावणे सक्तीचे करावे, आणि तक्रार कोणाकडे करायची त्या शिक्षणाधिकाऱ्याचे पद व कार्यालयाचा पत्ता त्याखाली छापावा, ही विनंती.

आपला,
एक नागरिक